नागझरीच्या वळणाची वाळू

२ एप्रिल १९८६, बुधवार

आलो एकदाचा निंबहळ्ळीला. उदगीरहून निघालेल्या जीपमध्ये बावीस माणसं आणि एक बकरी होती. बकरी माझ्या मांडीवर बसली आणि सगळ्यांत आरामात तीच आली.

पाण्याचं केंद्र गावाबाहेर माळावर आहे. फाटकावरच्या पाटीवर ‘जि. लातूर’ असं रंगवलंय, पण ऊन तिरपं पडलं की रंगाखालचं ‘उस्मानाबाद’ अजून वाचता येतं. जिल्हा नवा झाला, त्याला चार वर्षं होत आली, पाटी मात्र अजून जुन्याच जिल्ह्यात नांदते. मला हसू आलं. पण नव्या जिल्ह्यामुळे नव्या कचेऱ्या निघाल्या, नव्या कचेऱ्यांमुळे नव्या जागा निघाल्या, आणि त्यातलीच एक सातवी नापास ईश्वरप्पाला, म्हणजे मला, मिळाली. हसून कसं चालेल.

सकाळी साहेबांनी लातुरात समोर बसवून सांगितलं, की मृग निघेपर्यंत गावाला पाणी चालवून दाखवा, मग कायमची ऑर्डर आणि क्वार्टर तुमच्या नावावर. मी म्हटलं, साहेब, पाऊस तुमचा, पाणी माझं. ते हसले. मोठी माणसं हसली की निम्मं काम झालं, हे मी उदगीरच्या मोंढ्यात इंजिनं दुरुस्त करता करता शिकलो.

मला पुस्तकातलं कमी कळतं, कानातलं जास्त. माझी दीड हाताची लोखंडी सळई बरोबर आणली आहे. एक टोक पंपावर ठेवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. आत बेअरिंग घासतंय की पात्यात कचरा अडकलाय, सगळं ऐकू येतं. लहानपणापासूनच कान तिखट. डोळे मिटून सांगायचो घरात पाणी कोण पितंय ते. आई एका दमात गटागटा प्यायची. आप्पा तीन घोट घेऊन थांबायचे, टाळूला जीभ लावून ‘टक्’ करायचे, मग पुन्हा तीन घोट.

इथला व्हॉल्वमन मारोती म्हणून आहे. पन्नाशीचा, काडीसारखा. माझी सळई बघून म्हणाला, डाक्टरसाब आले म्हणा की, आधी माझं पोट बघा, लई वाजून राहिलंय. मग नाव विचारलं, कपाळावरचं भस्म बघितलं आणि तेव्हापासून मला सावकार म्हणतोय. जन्मात कधी दुकानाच्या गादीवर बसलो नाही म्हटलं, तर म्हणतो, न्हाई तर न्हाई, म्हणायला काय जातंय.

क्वार्टर एका खोलीचं, मागे स्वयंपाकघर. आणि स्वयंपाकघरात नळ. मी तो चारदा उघडून बंद केला. माझ्या बायकोनं, उमाबाईनं, तेवीस वर्षं डोक्यावर पाणी वाहिलंय. चुंबळीच्या जागी टाळूवर आता केस येत नाहीत. लग्नात तिला शब्द दिला होता, की एक दिवस नळ असलेल्या घरात नेईन. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोलावतो तिला.

बाहत्तरच्या दुष्काळात आप्पा ह्याच सडकेवर खडी फोडायला होते. इथंच कुठंतरी गेले. मला निरोप पोचला तेव्हा चार दिवस झाले होते आणि हातात एका मोठ्या इंजिनाचं काम होतं. गेलो नाही. नंतर जागा विचारायची राहून गेली. म्हणजे गाव अगदीच परकं नाही.

५ एप्रिल

तीन दिवसांत केंद्र समजून घेतलं. तलावात उरलंय ते तळचं पाणी, चहासारखं. ते पंपानं वर येतं, त्यात तुरटीचं पाणी सोडायचं, म्हणजे गाळाचे कण एकमेकांना धरून मोठ्या टाकीत खाली बसतात. वरचं निवळ पाणी फिल्टरवर जातं. फिल्टर म्हणजे सिमेंटचा हौद, तळाशी गोटे, त्यावर अडीच फूट बारीक वाळू. वाळूतून झिरपून खाली आलं की ब्लीचिंग पावडरचं पाणी मिसळायचं आणि गावाला सोडायचं. वाळू तुंबली की खालून उलट्या दाबानं पाणी मारून धुवायची.

हे धुण्याचं पाणी ओढ्यात सोडून देत होते. अशा दुष्काळात! गावाला तीन दिवसांआड नळ, बायका भांडी घेऊन रांगेत, आणि इथं रोज हौदभर पाणी वाया. मी खड्डा खणून घेतला, धुण्याचं पाणी त्यात घेतलं आणि पंपानं परत पहिल्या टाकीत टाकलं. आता आत आलेला थेंब बाहेर जात नाही. साहेबांना कळवलं. शाबासकीचं पत्र येईल बहुतेक.

फिल्टर दोन. पहिल्याचा तळ फुटलाय, बंद आहे. सगळी मदार दुसऱ्यावर, आणि त्याची वाळू चिखल झाली आहे.

११ एप्रिल

वरून येणारी वाळू येत नाही. ट्रक सगळे टँकरच्या कामाला. मी हात बांधून बसणारा नाही. रामकिशन ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, नागझरी ओढ्याच्या वळणावर अशी वाळू हाय की साखर, कुणी हातसुद्धा लावत न्हाई. का लावत नाहीत, असं विचारायला हवं होतं. मी विचारलं ते एवढंच, की किती खेपा होतील.

चाळायला आणि धुवायला बायका लावल्या. त्यांची मुकादम पंचफुलाबाई, साठीची, जिभेला धार. मला म्हणाली, मालक, कान लई तिखट म्हणं तुमचे, मग मघापासून हाका मारून राहिले ते न्हाई का ऐकू आलं? बायका हसल्या. मीही हसलो.

दुसऱ्या खेपेत चाळणीवर पांढरे गोळे राहिले, लिंबाएवढे. पंचफुलाबाईनं ते एकेक उचलून पळसाच्या पानावर ठेवले आणि उकिडवी बसून बघत राहिली. विचारलं तर म्हणाली, तुमीच सांगा मालक, तुमच्या घरातलं हाय. मी एक हातात घेतला, वास घेतला. म्हटलं, चुनखडी आहे, कामाला लागा.

तिनं ओच्याला हात पुसले, खराटा भिंतीला टेकवून ठेवला आणि निघून गेली. मजुरीसुद्धा घेतली नाही. बाकीच्या बायकांनी वाळू धुतली.

१५ एप्रिल

नवा फिल्टर चालू झाला. गावातली चार मोठी माणसं आली होती. ह्या धंद्यात एक रीत आहे. ज्यानं फिल्टर भरला त्यानं पहिला गिलास सगळ्यांसमोर प्यायचा. पाणी काचेसारखं आलं. मी गिलास उन्हात धरला, सगळ्यांना दाखवला आणि प्यायलो.

गोड. विहिरीचं पाणी असावं तसं. टाळ्या वाजल्या. मारोतीनं एकापाठोपाठ चार गिलास घेतले आणि म्हणाला, सावकार, पंधरा सालांत असं पाणी पिलो न्हाई.

उमाबाईला पत्र टाकलं. सात तारखेच्या जीपनं ये, म्हटलं. घागर आणू नकोस.

१९ एप्रिल

एक गोष्ट जमत नाही. पाण्यात क्लोरीन उरलाय की नाही हे बघायला नळीत औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं पाहिजे. होत नाही. पावडर जुनी असेल म्हणून नवं पोतं फोडलं. दुप्पट टाकली, मग तिप्पट. नाकातून पाणी यावं इतकी टाकली. नळीतलं पाणी तसंच राहतं.

पुस्तकात लिहिलंय की वाळूत काही कुजकं असलं तर ते क्लोरीन खाऊन टाकतं. पण धुतलेली वाळू ती.

दुपारी सळई लावली. पंप ठीक, व्हॉल्व ठीक. मग सहज फिल्टरच्या भिंतीला लावली. पाणी झिरपण्याचा आवाज सारखा असतो, लांबवर पानं सळसळावीत तसा. हा तसा नव्हता. थांबून थांबून येत होता.

हवा अडकली असेल.

२३ एप्रिल

धुण्यासाठी फिल्टरचं पाणी उतरवलं. वाळू सपाट असायला हवी. तीत खड्डे पडले होते. गोल, ताटाएवढे, पुढच्या बाजूला रुंद. मी मोजले. अकरा. मारोतीला विचारलं कुणी आत उतरलं होतं का. तो म्हणाला, उतरलं असतं तर पाऊल दिसलं असतं की, हे तर बसल्यावाणी हाय. म्हणाला आणि फिल्टरच्या नळाला तोंड लावून पीत बसला. चार दिवस तो हेच करतोय. पोट टम्म फुगलंय, ओठ मात्र फुटलेले.

फावड्यानं वाळू सारखी केली. जोर लावून धुतली. धुण्याचं पाणी खड्ड्यात, खड्ड्यातून परत टाकीत, टाकीतून परत वाळूवर.

संध्याकाळी पाणी उतरवून बघितलं. अकरा खड्डे, त्याच जागी.

आमच्यात माणसाला निजवून पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात. डावा तळहात उघडा ठेवून त्यावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. भोवती मीठ, बेलपान आणि भस्माचे गोळे.

मी त्या दिवशी वासावरून ओळखलं होतं. रोज सकाळी कपाळाला लावतो तेच. ओळखलं होतं आणि चुनखडी म्हटलं.

२७ एप्रिल

आज नळाचा दिवस. चौकात उभा राहिलो. पूर्वी बायका भांडी आधी भरायच्या. आज आधी पीत होत्या. ओंजळीनं, लोट्यानं, पदर भिजेपर्यंत. कुणी भांडत नव्हतं. एवढ्या रांगेत एक शिवी नाही.

मी डोळे मिटले. सवयच ती.

सगळी रांग एका तऱ्हेनं पीत होती. तीन घोट. थांबणं. टक्.

३० एप्रिल

पंचफुलाबाईच्या घरी गेलो. तिनं बसायला घोंगडी टाकली, पाणी मात्र दिलं नाही. म्हणाली, माझ्या घरात आडाचं गढूळ हाय, पण माझं हाय.

विचारायच्या आधीच सांगू लागली. बाहत्तर साली ती ह्याच सडकेवर खडी फोडत होती. टँकर तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी माणसं पडायला लागली. तुमची अकरा माणसं, मालक, बिलोलीकडची, उदगीरकडची. ओढ्याच्या वळणावर बसवली. स्वामी आला, पण ओठाला लावायला तीर्थ करावं तर पाणी कुठं? कोरड्या तोंडानंच बसवली सगळी. तवापास्नं त्या वळणाला कोणी हात लावत न्हाई, धुणंसुदिक धुत न्हाईत.

मग म्हणाली, त्यातला एक म्हातारा लई बोलायचा. म्हणायचा, घाबरू नका, माझा ईशा उदगीरला इंजिनावर हाय, इंजिनानं पाणी उपसतो, निरोप धाडलाय, घेऊन येईल. शेवटपर्यंत सडकेकडं बघत होता.

मला ईशा म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, वाळू जिथली तिथं नेऊन टाका, स्वामीला बोलवा, अकरा तोंडांना तीर्थ द्या. गावासमोर सांगून करा. चोरून न्हाई चालणार.

गावासमोर सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पंधरा दिवस तुम्हाला हे पाजलं? आणि वाळू काढली तर पुढची येईपर्यंत आठ-दहा दिवस गाव कोरडं. नोकरी तर गेलीच. क्वार्टर गेलं. नळ गेला.

२ मे

साहेब आले. जीपमधून उतरताना हातात कागद होता. मृगाची वाट कशाला, म्हणाले, काम दिसतंय, घ्या तुमची ऑर्डर.

सांगायचं म्हणून सकाळपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. साहेब, वाळू काढावी लागेल. चारच शब्द. कागदावर माझं नाव टाइप केलेलं होतं. पूर्ण नाव, आप्पांच्या नावासकट.

सही करून घेतला. साहेबांनी पाणी मागितलं. मारोतीनं दिलं.

तीन घोट. टक्. म्हणाले, गोड आहे हो.

तेव्हाही काम होतं म्हणून गेलो नव्हतो.

४ मे

उमाबाईला तार केली, येऊ नको. पोस्टमास्तर तार लिहिता लिहिता पाणी पीत होता. गेली की नाही कोण जाणे.

तलाव दीड हात उतरला. चार दिवसांत. गाव एवढं पाणी पितं कुठं? कुणाची तहान भागत नाही. पोरं शाळेत नाहीत, नळाशी असतात. तोटी कोरडी असली तरी तोंड लावून.

मी आडाचं आणून पितो. पंचफुलाबाई देते. ते पोटात ठरत नाही, उलटून येतं. पहिला गिलास मी प्यायलोय ना —

५ मे

रामकिशनला म्हटलं ट्रॅक्टर आण, वाळू परत न्यायची. तो केंद्राच्या फाटकाशी खाली बसला होता, मांडी घालून. डावा तळहात मांडीवर उघडा. मी दोनदा हाक मारली. त्यानं वर बघितलं आणि विचारलं, टँकर आला का?

मारोती तसाच बसलाय, फिल्टरच्या भिंतीला टेकून. मी सळई त्याच्या छातीला लावली. इंजिन तपासावं तसा ठोका ऐकायला.

ठोका नाही. घोट आहेत.

६ मे

गावच्या स्वामींकडे गेलो होतो. गावासमोर पाया पडून सगळं सांगतो म्हटलं. ते दारातच बसले होते. मांडी. तळहात.

सांगायला गाव उरलेलं नाही. चार दिवसांपूर्वी होतं.

आता मी एकटाच काढतो. फावडं, घमेलं. सकाळी लागलो. वाळू ओली असून गरम, अंगासारखी. दुपारपर्यंत कोपरा झाला. तोंडाला कोरड — खड्डे बुजत नाहीत. मोजले.

बारा.

बारावा नवा. कडेला, एका मोठ्याच्या शेजारी. बसून बघितलं नाही. पण माझ्या मापाचा आहे. दिसतंय.

७ मे, दुपार

अर्धी वाळू काढली. पंप मी बंद केला होता. चालू आहे. कोणी केला —

सडकेवर जीपचा आवाज. त्याच जीपचा, सायलेन्सर फुटलेला. तार पोचली नाही.

फिल्टरमधून ओरडलो. पंपाच्या आवाजात जाईना. ती फाटकातून आली, डोक्यावर घागर नाही. मोकळ्या डोक्यानं चालताना तिला मी कधी बघितलं नव्हतं. लाजत होती. मला हात केला, पाटीकडे बघितलं, क्वार्टरकडे वळली. मी चढू लागलो. वाळू पाय सोडेना — गुडघ्यापर्यंत —

सुटलो. पळालो. उंबऱ्यात आहे. वही खिशातच होती. हे कुणी वाचलं तर पाणी पिऊ नका. वाळू वळणावर न्या. अकरा जणांना तीर्थ द्या. जागा पंचफुलाबाई दाखवेल.

नळ चालू आहे. माझ्याकडे पाठ आहे. तांब्या वर धरलाय —

एक. दोन. तीन.

थांबली.

टक्.

तांब्या खाली ठेवला. नळाखाली बसली, मांडी घालून. डावा हात उघडा. उमा म्हणून हाक मारली. तेवीस वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव एकदाही घेतलं नाही. अहो, ऐकलं का, एवढंच.

आता मान वळवून म्हणाली, ईशा, आलास व्हय रे. सडकेकडं बघून बघून डोळे गेले.

तांब्या माझ्याकडे केलाय. भरलेला. वास येतोय पाण्याचा. गोड. मला इतकी तहान —

आप्पा, मी येणारच होतो, काम होतं —

एक

दोन

ती